डोळस विश्वास

मुलांनो, तुमच्या घरी मोटारसायकल आहे का? तिच्या इंजिनातले तेल तुम्ही कधी पाहिले आहे का? मीही पाहिले नव्हते.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात फार मोठा पाऊस झाला. नालासोपाऱ्यात आमच्या चाळीत पाणी शिरले. माझी मोटारसायकल दोन दिवस पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर मी ती ढकलत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. चार दिवसांनी ती चकाचक होऊन परत मिळाली. बिलात तेल बदलल्याचे पैसेही होते. मी खूश झालो.

शेजारचे चाचा पूर्वी एस.टी.च्या आगारात मेकॅनिक होते. त्यांनी विचारले, "मास्तर, तेल पाहून घेतलंत का?" त्यांनी तेलाच्या झाकणाची पट्टी बाहेर काढली. तेल दुधाच्या चहासारखे दिसत होते!

"यात पाणी मिसळलंय. अशा तेलानं इंजिन झिजतं आणि एक दिवस जाम होतं," चाचा म्हणाले.

मी पुन्हा सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. पट्टी दाखवताच त्यांनी चूक कबूल केली आणि माझ्यासमोर तेल बदलले.

आता दर रविवारी तेल, चेन आणि टायरमधली हवा मी स्वतः तपासतो. ब्रेकचे काम मात्र जाणकारालाच देतो. पण जवळ उभा राहून पाहतो.

मुलांनो, कारागिरावर विश्वास जरूर ठेवा; पण आपली वस्तूही ओळखायला शिका. आज घरी गेल्यावर अब्बांना विचारा, "आपल्या गाडीचं तेल कसं पाहायचं?"