उलटं वाचा

गेले काही महिने शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सहा-सात पोरांना इंग्रजी शिकवतोय. सगळी मराठी माध्यमाची. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, यांना पहिलीपासून इंग्रजी आहे (2000 सालापासून), तरी वाक्य लिहायचं म्हटलं की गाडी अडतेच. शब्द येतात हो! ते ठेवायचे कुठे, तिथे घोळ. 'आय यस्टरडे बाय बस स्कूल वेंट.'

फळ्यावर 'मी काल बसने शाळेत गेले' लिहिलं आणि एकदम ट्यूब पेटली. 'मी' सोडून बाकीचं मागून वाचा: गेले, शाळेत, बसने, काल. वेंट, टू स्कूल, बाय बस, यस्टरडे! आतले तुकडेसुद्धा उलटे. 'शाळे'ला 'त' मागे चिकटतो, 'स्कूल'च्या 'टू' पुढे उभा राहतो. वीस वर्षं इंग्रजीत मेल्स लिहितोय, पण हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मराठीत हे तुकडे हलवले तरी फार बिघडत नाही, कारण प्रत्येकाच्या गळ्यात प्रत्ययाचं ओळखपत्र असतं. 'बॅटने मुलाला मारलं' म्हणा नाहीतर 'मुलाला बॅटने मारलं', बॅट मारणाऱ्याकडेच. पण 'आय हिट द बॉय विथ अ बॅट' मध्ये बॅट नक्की कुणाच्या हातात? आमच्या भाषेत सांगायचं तर मराठी म्हणजे नाव देऊन पाठवलेले पॅरामीटर्स, इंग्रजीत बरंचसं जागेवर ठरतं. (हे पोरांना सांगितलं नाही. पळून गेली असती.)

असो. युक्ती चालली म्हणून मी भलताच खूश होतो. मग घरच्यांवर चार ओळी लिहायला दिल्या. आमच्या वॉचमनकाकांची मुलगी सहावीत आहे. तिने लिहिलं, 'ॲट नाईट माय फादर सिट्स ॲट द गेट.' मी लाल पेनने 'ॲट नाईट'वर काट मारली आणि बाण काढून शेवटी नेलं. नियम म्हणजे नियम.

तिने वही परत माझ्यासमोर धरली. "सर, पण खालची ओळ वाचा ना."

खाली होतं, 'इन द डे ही ड्राइव्ज रिक्षा.' ('अ' राहिला, राहू दे.)

"रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं, म्हणून पुढे लिहिलं. चुकलं का?"

चुकलं नव्हतंच. दोन वेळा समोरासमोर ठेवायच्या असतील तर इंग्रजीतही वेळ बिनधास्त पुढे येते. मी स्वतः दर सोमवारी स्टेटस मेलमध्ये 'लास्ट वीक' आणि 'धिस वीक' असंच तर लिहितो! शिवाय ज्या माणसाला मी दोन वर्षं रोज रात्री गेटवर "काय काका, जेवलात का?" विचारतोय, तो दिवसभर रिक्षा चालवतो हे मला त्या वहीतून कळलं. झोपतो कधी, हे विचारायचं धाडस झालं नाही.

लाल शाई काही खोडता येईना. शेजारी 'बरोबर' लिहून सही केली, सॉरी म्हटलं.

"मग आता उलटं वाचायचं की नाही?" मागून एकाने विचारलं.

पुढच्या शनिवारी सांगतो म्हणालो.