थंडीने करपलेली रोपे : उपटण्यापूर्वी शिल्लक मोजा

विदर्भाच्या उन्हाची ओळख कोणाला करून द्यायला नको; पण डिसेंबर-जानेवारीची थंडीही गरिबाच्या परसबागेला तेवढीच जड जाते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. पारा शून्यावर आल्याशिवाय पानावर बर्फ धरत नाही, असा आपला समज असतो. परंतु हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पेटीत असतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की उघड्या जमिनीलगत त्याहून जास्त गारठा असतो. म्हणून पारा तीन-चार अंशांवर असतानाही पानावरचे दहिवर गोठू शकते.

त्या आठवड्यात आमच्या वस्तीतील टमाटर-वांग्यांच्या रोपांची पाने सकाळी उकडल्यासारखी दिसली आणि दुपारपर्यंत काळी पडली. शेजारच्या वहिनी लोकांकडची धुणीभांडी करून घरामागे दोन वाफे रोपे वाढवीत. ती आठवडी बाजारात विकून मुलीच्या फीचा हप्ता भरायचा, असा त्यांचा हिशेब. त्या सारेच उपटायला बसल्या. आम्ही म्हणालो, "वहिनी, आठ-दहा दिवस थांबा." आमचा पेशा कारकुनाचा, तोटा मांडण्यापूर्वी शिल्लक मोजावी, ही आमची सवय.

पान मेले म्हणजे रोप मेले असे नव्हे. गोठताना पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, पेशींचे पातळ पडदे निकामी होतात; ते पान पुन्हा हिरवे होत नाही. पण खोड हिरवे व टणक असेल तर पानाच्या बेचक्यातून नवा कोंब फुटू शकतो. खोड मातीलगत मऊ आणि काळे पडले असेल तर ते रोप गेले. वाटाण्याचे, हरभऱ्याचे डोळे मातीखालीही असतात. ती रोपे खालून फुटू शकतात. घेवड्याचे तसे नाही. त्याचा शेंडा आणि बेचके दोन्ही जळाले तर बी पुन्हा टोचावे.

थंडीची लाट एका रात्रीत सरत नाही. म्हणून त्याच दिवशी ऊन उतरण्यापूर्वी काड्या रोवून त्यांवर जुने लुगडे पसरले, पानांना टेकू दिले नाही. सकाळी कडक ऊन एकदम लागू नये म्हणून ते थोडे उशिराच काढले. पाणी दुपारी, माती ओलसर राहील इतकेच दिले. ओली माती दिवसाची ऊब रात्री सोडते. काळी पाने लगेच छाटली नाहीत, खालच्या डोळ्यांना त्यांचाच आडोसा असतो. कोणी युरिया टाकायला सांगितले, ते टाळले. दुखावलेल्या मुळांना खताचा भार सोसत नाही. नवी पाने आल्यावर मेलेला भाग काढला आणि शेणखताचे पातळ पाणी घातले.

दहाव्या दिवशी वांग्यांना कोंब दिसले. टमाटरची एक ओळ पूर्ण गेली, तरी एकूण निम्म्याहून अधिक रोपे वाचली. बाजार तीन आठवडे लांबला, हप्ताही उशिरा गेला, पण गेला.

बंधू-भगिनींनो, हिवाळ्यात चिमूटभर बी घरात राखून ठेवा आणि जुने लुगडे फेकू नका. रोज सकाळी खोड पाहून वहीत टिपण्याचे काम शाळकरी मुलांकडे द्या. ती ते आवडीने करतात.