आधी दावा, मग पॉलिसी

विमा एजंटचं काम शिकायला नवी मुलगी आली की तिच्या हातात मी प्रपोजल फॉर्म देत नाही. आधी मृत्यूदाव्याचा कोरा फॉर्म देते आणि सांगते, ‘तुमच्या आळीतला कर्ता माणूस गेलाय असं धर आणि हा भर.’ मयताचं पूर्ण नाव, जन्मतारीख, मृत्यूचं कारण, शेवटचे उपचार कुठं झाले, पैसे कुणाच्या खात्यात जायचे. चार रकाने होत नाहीत तोच ती थांबते. रोज दिसणाऱ्या माणसाचं कागदावरचं नावही आपल्याला धड माहीत नसतं, हे तिथं कळतं. बोलायचं कसं, पटवायचं कसं, हे फिरता फिरता जमतं. दावा उभा राहील अशी पॉलिसी करणं मात्र शिकवावंच लागतं, आणि माझ्या मते या कामाचं खरं शिक्षण तेवढंच आहे.

परवाना मिळवणं अवघड नाही. दहावी पास, २५ तासांचं प्रशिक्षण, मग आयसी-३८ची परीक्षा. तासाभरात ५० प्रश्न, पास व्हायला ३५ टक्के, आणि पेपर मराठीतून देता येतो. ९ डिसेंबर २०२४ला बायकांना एजंट करणारी एलआयसीची विमा सखी योजना सुरू झाली, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी बचत गटातल्या असतात. हिशेबाची वही सांभाळलेल्या, बँकेत जायला न बिचकणाऱ्या. परीक्षेची धास्ती घेतात, पण पास होतात. कस लागतो तो नंतर, पहिल्या दुखवट्याच्या घरी.

आमच्याकडं शिरूरला घोडनदीकाठी, तिकडं दौंडला भीमेकाठी, दहावा मोठा होतो. प्रवचन, मांडव, गावोगावचे पाहुणे, पुढं तेराव्याची पंगत. दवाखान्याचं बिल त्याआधीच डोक्यावर बसलेलं असतं. पैसा उभा राहतो तो भावकीच्या उसनवारीतून, नाहीतर सोनं मोडून. अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना अंत्यसंस्काराच्या खर्चापुरती वेगळी छोटी पॉलिसी विकतात. आपल्याकडं ते काम लहान रकमेच्या साध्या पॉलिसीलाच करावं लागतं. पण तिचे पैसे दहाव्याच्या आत हातात पडतील असं धरून चालता येत नाही. मृत्यूचा दाखला, फॉर्म, पडताळणी, यात दिवस जातात. हे मी सही घेण्याआधी सांगते आणि मुलींनाही सांगायला लावते. ‘दहाव्याची काळजीच नको’ असं म्हणून पॉलिसी गळ्यात मारली, तर त्या घरातली बाई त्या भरवशावर व्याजानं पैसे काढून बसते. पॉलिसी कामाला येते ती उसनं फेडायला, पोरांची शाळा चालू ठेवायला, जमिनीवर कुणाचा डोळा पडू न द्यायला. असं सरळ सांगितलं तरी माणसं पॉलिसी घेतात. उलट लवकर घेतात.

दुखवट्याच्या घरी मी नव्या मुलीला बरोबर नेते. ओट्यावर पुरुष बसलेले असतात, कागदाची सगळी बोलणी तिथंच चालतात. जिच्या नावानं पैसे यायचेत ती आत, भिंतीला टेकून, चार बायकांच्या गराड्यात. पुरुष एजंट ओट्यावरूनच परततो. आपण आत जाऊ शकतो, तिच्याशेजारी बसू शकतो. त्या दिवशी पॉलिसीचा विषय काढायचा नाही. निघताना तिला फक्त एवढंच म्हणायचं, ‘वहिनी, घाई नाही, पण कोऱ्या कागदावर सही करू नका, मी परत येते.’ आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत झाली पाहिजे, हे दिराच्या कानावर घालायचं.

दुसऱ्या खेपेला कागद निघतात. न्हावऱ्याकडच्या एका वस्तीवर त्या माउलीनं कॅरीबॅगेतून एकेक कागद काढून सतरंजीवर मांडला. पॉलिसी, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सातबारा. मयताचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी. पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आई, लग्नाआधी लावलेली, आणि ती आई कधीच गेलेली. बायकोचं आधार अजून माहेरच्या नावाचं. बँक खातं नवऱ्याबरोबर जोडून, तिच्या एकटीचं नाहीच. माझ्याबरोबरची मुलगी प्रत्येक कागद उजेडाला धरून अक्षर न् अक्षर वाचत होती. वस्तीवरून रस्त्याला लागेपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, ‘ताई, नॉमिनी बदलायचा अर्ज तर एका पानाचा असतो.’ विमा कायद्यातलं नॉमिनेशनचं कलम ३९ तिला पुन्हा समजवावं लागलं नाही.

त्यामुळे आमच्यात प्रपोजल भरायची रीत ठरलेली आहे. नवरा पॉलिसी घेत असला तरी बायको समोर बसलेली पाहिजे. आधार आणि पासबुक शेजारी ठेवून नावं जुळवायची, न जुळली तर आधी ती दुरुस्त करून घ्यायची. नॉमिनी अज्ञान मूल असेल तर त्याच्यातर्फे पैसे घेणारा कोण, हे तिथंच लिहायचं. आणि साखर, बीपी, जुनं ऑपरेशन, तंबाखू, जे असेल ते फॉर्मवर यायला हवं. ‘कशाला लिहिता, पॉलिसी महाग होईल’ असं गिऱ्हाईक म्हणतंच. तेव्हा विमा कायद्याचं कलम ४५ साध्या भाषेत सांगायचं. पहिली तीन वर्षं कंपनी खोट्या माहितीवर बोट ठेवू शकते, तीन वर्षांनंतर नाही. आणि बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली तर ती तीन वर्षं तिथून नव्यानं मोजली जातात. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माणूस हप्ता चुकवायला कचरतो.

हप्त्याचंही तसंच. ऊसवाल्याला कारखान्याचं बिल येतं त्याच सुमाराला वर्षाचा हप्ता ठेवावा. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कामगाराला महिन्याचा, पगार झाल्यावर दोन दिवसांनी बँकेतून जाणारा. दौंडच्या रेल्वेवाल्यांची, एसआरपीवाल्यांची कपात पगारातून होते, पण बदली झाली की ती नव्या ठिकाणी चालू झाली का, हे आपणच विचारायचं. ‘पहिला हप्ता तुम्हीच भरा की’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून उठायचं. कलम ४१नं कमिशनातली सूट द्यायला मनाई आहे. शिवाय ज्याच्या खिशातून पहिला हप्ता गेला नाही, तो दुसरा भरत नाही.

ज्याला यातलं काहीच झेपणार नाही, त्याला प्रधानमंत्री जीवनज्योतीकडं धाडायचं. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, ५० वर्षांच्या आत नाव घालायचं, ५५पर्यंत चालतं. ते बँकेतून होतं, आपल्या आकड्यात धरलं जात नाही. तरीही मेअखेरीस त्या माणसाच्या खात्यात ४३६ रुपये आहेत का, याची आठवण करायला मी मुलींना लावते. कंत्राटी कामगाराचं खातं रिकामं असलं तर कपात होत नाही आणि विमा गुपचूप संपतो. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं ‘माझा विमा काढ’ म्हटलं, तर त्याला पॉलिसी चिकटवायची नाही. बँकेत मुदत ठेव करून वारसाचं नाव लावून द्यायचं.

‘मग आमच्या पॉलिसी व्हायच्या कधी?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे, कारण त्यांनाही घर चालवायचंय. विमा सखीला पहिल्या वर्षी महिना ७,००० रुपये मिळतात, दुसऱ्या वर्षी ६,०००, तिसऱ्या वर्षी ५,०००, आणि वर्षाला २४ पॉलिसी कराव्या लागतात. दुसऱ्या वर्षीचे पैसे हवेत तर पहिल्या वर्षातल्या ६५ टक्के पॉलिसी चालू असायला हव्यात. ही अट मला मनापासून पटते. मार्चअखेरीला नातेवाइकांच्या गळ्यात मारलेल्या पॉलिसी पुढच्या मार्चला जिवंत नसतात. २४ म्हणजे महिन्याला दोन. दोन घरी नवरा-बायकोला समोर बसवून, कागद जुळवून, एखाद्या ठिकाणी आधार दुरुस्त होईपर्यंत दोन खेपा घालूनही महिना पुरतो.