डिग्री आरक्षणाने मिळाली, 'अनुभव' कोण देणार?

"आता जात राहिली कुठे, सगळे मेरिटवर चालते," असे सांगणाऱ्यांना आमचा एक साधा प्रश्न आहे. एमबीएच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळते, ती कोणत्या मेरिटवर? प्रवेशाला सीईटी आहे, गुणवत्ता यादी आहे, आरक्षणाचा कायदा आहे. इंटर्नशिपला यातले काहीच नाही. तिथे कोणाचा मामा असतो, कोणाच्या वडिलांचा मित्र असतो. आणि नंतर नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न येतो : "प्रॅक्टिकल एक्सपिरियन्स काय आहे?"

आम्ही बीबीचे, लोणार तालुक्यातले. समाजशास्त्रात एमए करून आम्ही गावातल्या आणि आसपासच्या मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, स्वाधारचे फॉर्म भरून देण्याचे काम करतो. पूर्वी मुले नर्सिंग, डीएड, फार तर इंजिनिअरिंग विचारायची. हल्ली एखादे पोर 'इंटरनॅशनल बिझनेस' म्हणते आणि लोक हसतात. सोयाबीन सोंगायला जाणाऱ्याच्या लेकराला परदेशी व्यापाराचे काय करायचे?

आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. हा व्यापार सोंगणीवाल्याच्याच लेकराला आधी कळला पाहिजे. आपल्या जिल्ह्याला तो नवा नाही. खामगावचा कापूस बंदराकडे लवकर जावा म्हणून इंग्रजांनी १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे फाटा सुरू केला. आज सोयाबीनचेही तेच आहे. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे आयात शुल्क वाढवले आणि मे २०२५ मध्ये पुन्हा कमी केले. असे निर्णय दिल्लीत होतात, तेल परदेशातून येते आणि त्याचा दाब पडतो आपल्या सोयाबीनच्या भावावर. भाव पडला की शेतमालक सगळ्यात आधी मजुरीला हात घालतो. ज्याच्याकडे शेतच नाही त्याच्या चुलीपर्यंत आंतरराष्ट्रीय व्यापार असा पोहोचतो.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. कोलंबियात त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर लिहिले. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ आला. पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपयाचा विनिमय दर पडला की निर्यातदार खूश होतो. पण देशात महागाई वाढते आणि मजुरी त्या वेगाने वाढत नाही, म्हणजे तो नफा मजुराच्या ताटातून गेलेला असतो, ही त्यांच्या मांडणीतली महत्त्वाची गोष्ट. परदेशी व्यापाराकडे मजुराच्या बाजूने पाहणारा माणूस त्या खोलीत बसला म्हणून हे बोलले गेले.

पण त्याच बाबासाहेबांना 'प्रॅक्टिकल एक्सपिरियन्स' कसा मिळाला, तेही पाहा. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला हा माणूस बडोद्यात नोकरीला गेला, तर राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलले गेले. मुंबईत त्यांनी शेअर आणि गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि व्यवसाय बंद पडला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा काही सहकाऱ्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरून हरकत घेतली. 'जिद्द असली की अनुभव कुठेही मिळतो' असे भाषण ठोकणाऱ्यांनी सांगावे, बाबासाहेबांकडे जिद्द कमी होती, ज्ञान कमी होते, की डिग्री कमी होती?

आज पाण्याचे भांडे नाही, पण चाळणी तीच आहे. आमच्या माहितीतली एक मुलगी इंटरनॅशनल बिझनेस शिकते. मुंबईतल्या एका कंपनीत तिची इंटर्नशिपसाठी मुलाखत झाली. आडनाव विचारले, गाव विचारले, आडनावावरून कळेना म्हणून वडील काय करतात ते विचारले. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे काय, शिपिंग बिल कसे भरतात, हे कोणी विचारलेच नाही. नंतर फोन आला नाही. दुसऱ्या ठिकाणी जागा मिळाली, पण बिनपगारी. स्वाधार योजनेत मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपये, म्हणजे महिन्याला ५ हजार. एवढ्यात मुंबईत कॉट भाड्याने घ्यायची, जेवायचे की लोकलचा पास काढायचा, ते सरकारनेच सांगावे. बिनपगारी इंटर्नशिप हे ज्याच्या घरचे पैसे पाठवू शकतात त्याच्यासाठी ठेवलेले आरक्षण आहे. त्याला मात्र कोणी आरक्षण म्हणत नाही!

प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये आली, महिना ५ हजार. पण ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नाही आणि पदव्युत्तर पदवीधारकांसाठीही नाही. म्हणजे आमची एमबीएची मुलगी शिकत असतानाही बाहेर आणि शिकून झाल्यावरही बाहेर.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर जागा शोधून देणे ही विद्यापीठाची जबाबदारी असली पाहिजे, विद्यार्थ्याच्या मामाची नाही. दोन, कोणाला कुठे आणि किती मानधनावर इंटर्नशिप मिळाली, याची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर व्हावी. तीन, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला जोडून इंटर्नशिपच्या महिन्यांचा वेगळा भत्ता मिळावा.

चौथी गोष्ट सरकारकडे नाही, समाजाकडे मागायची आहे. आज आपले लोक कस्टममध्ये आहेत, बँकांत आहेत, काही सीए आहेत, काहींचे छोटे कारखाने आहेत. जयंतीला वर्गणी देताना त्यांचा हात सैल असतो, हे चांगलेच आहे. पण आपल्या कार्यालयात एका मुलीला दोन महिने टेबल देणे, चार माणसांशी तिची ओळख करून देणे, ही वर्गणी त्याहून मोठी आहे. १९२० मध्ये बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले, ते स्वतःच्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या कर्जावर. योग्य वेळी कोणीतरी हात दिला म्हणून पुढचा इतिहास घडला.

मुलामुलींनाही सांगणे आहे. मुंबईचे दार उघडेपर्यंत थांबू नका. खामगावची जिनिंग, जालन्याचे कारखाने, तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्या इथे माल कसा मोजतात, दर कसा ठरतो, कागद कसा फिरतो ते पाहा आणि लिहून ठेवा. पण दार उघडले नाही तर त्याचा दोष स्वतःला देऊ नका. ते दार कोणी धरून ठेवले आहे, हा प्रश्न विचारणे हासुद्धा तुमच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

जयभीम!