गरी, धांडा आणि गाडीची शिटी

गरी म्हणजे मासा धरायचा लोखंडी आकडा. पुस्तकी मराठी त्याला गळ म्हणते. वऱ्हाडात मात्र ‘गरी टाकायला जाणे’ म्हटले की काठी, दोरा, डब्यातली शिदोडे (गांडुळे) आणि अख्खी दुपार असे सगळे बिऱ्हाड त्यात आले. चांदूर रेल्वेच्या पंचक्रोशीत या खेळाला पाणी बेताचेच. पोहऱ्याच्या जंगलाला लागून मालखेडचा तलाव. पूर्वेला लांब गेले तर अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांची शीव होऊन वाहणारी वर्धा नदी. बाकी सारे पावसाळ्यापुरते जिवंत होणारे नाले. पहिल्या मोठ्या पुरात चढणीचे मासे नाल्यात शिरत तेव्हा गरीची गरजही नसे, टोपले पुरत असे. गरीचे खरे दिवस पाणी निवळल्यावरचे, पोळ्यानंतरचे.

सामान घरचेच असे. काठी बांबूची, बोटभर जाड, शेंड्याकडे लवणारी. दोरा आधी सुताचा, मग नायलॉनचे तंगूस आले. गरीच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा, आणि त्याच्याही वर या सगळ्याचा डोळा म्हणावा असा धांड्याचा तुकडा. ज्वारीच्या वाळल्या धांड्याची साल सोलली की आत पांढरा, हलका, नखाने दबणारा गाभा निघतो. याच गाभ्याच्या पोरे बैलगाड्या करत. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा घ्यायचा, मधून काडीने भोक पाडायचे, दोरा ओवायचा आणि तो सरकू नये म्हणून सालीचीच पाचर मारायची. हा तुकडा पाण्यावर उभा तरंगतो आणि खाली काय चालले आहे ते वर सांगतो. दोष एकच: गाभा पाणी पितो. दिवस कलेपर्यंत तुकडा जड होऊन निम्मा बुडतो आणि मासा नसतानाही मासा लागल्याचा भास देतो. म्हणून खिशात दोन तुकडे जास्तीचे.

आमिष बहुतेक शिदोडाचे. न्हाणीचे पाणी जिथे मुरते तिथली काळी माती उकरली की पाच मिनिटांत डबा भरतो. शिदोड गरीवर ओवताना टोक झाकले गेले पाहिजे आणि शेपटीचा अर्धा इंच मोकळा वळवळत राहिला पाहिजे. नवशिक्या नेमका तोच अर्धा इंच वाचवायला जातो आणि गरी अंगठ्यात घुसवून घेतो. रोहू आणि मृगळ यांच्यासाठी कणकेची गोळी. पाण्यात आधी मूठभर ढेप भिरकावून ठेवली तर आणखी बरे.

मग वाट पाहणे. धांडा बारीक बारीक टिचतो तेव्हा खाली चिंगळ्या आमिष कुरतडत असतात. त्यांच्यासाठी काठी उचलणारा दिवसभर उचलतच राहतो. धांडा तिरपा होऊन बाजूला चालू लागला तर शिंगाडा समजावा, आणि तो काढताना त्याच्या काट्यांपासून हात जपावा. तळाशी चरणारा मृगळ शिसे उचलतो, त्यामुळे उभा धांडा एकदम आडवा पडतो. मरळीला असला शिष्टाचार नाही. धांडा होता आणि आता नाही, एवढेच दिसते. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे शांत पाण्यात तिचा ठाव आधीच लागतो. पिल्लांच्या दिवसांत तांबूस पिल्लांचा थवा पृष्ठभागावर फिरतो आणि खाली जोडी राखण करते. तिथे गरी टाकली तर ती जोडी चिडून झेप घेते, हे सगळ्यांना ठाऊक असते. टाकावी की नाही, यावरून माणूस ओळखता येतो.

जगात या खेळाच्या रीतसर स्पर्धा होतात. इंग्लंडमध्ये काठावर क्रमांकाच्या खुंट्या ठोकतात, जागा चिठ्ठ्या टाकून ठरते, इशारा झाला की गळ पाण्यात. पकडलेले मासे जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवून शेवटी वजन करतात आणि सोडून देतात. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सीन नदीवर अशी स्पर्धा भरली होती. महाराष्ट्रात पवईच्या तलावावर हौशी गळवाल्यांची संघटना आहे. ही शिस्त चांदुराकडे काही पोहोचली नाही, आणि त्यात फार बिघडलेही नाही.

इथली चढाओढ बिनकागदाची. चारपाच जण बांधावर हातभर अंतर सोडून बसत. दुसऱ्याच्या दोऱ्यावर दोरा टाकायचा नाही, पाण्यावर सावली पाडायची नाही, एवढे नियम न सांगता पाळले जात. मासे कल्ल्यातून काडी ओवून काठाच्या पाण्यात लोंबत ठेवायचे. ‘लागलं का बे?’ ‘थांब ना बे, हलवू नको.’ यापलीकडे बोलणे नाही. नग मोजायचे की आकार, हा वाद मात्र दर वेळी नव्याने होई, कारण हरणाऱ्याला दर वेळी दुसरीच मोजणी सोयीची असे. वर पाण्यावर कवड्या धीवर एका जागी पंख फडफडवत थांबे आणि दगडासारखा खाली पडे. नग मोजले तर बहुधा तोच जिंकला असता.

खेळ संपायची वेळ रेल्वे ठरवी. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि या चांदुराला ‘रेल्वे’ हे आडनाव मिळाले. दुसरे चांदूर बाजाराचे. मालखेडलाही स्टेशन आहे. संध्याकाळच्या गाडीची शिटी आली की दोरे गुंडाळायचे. मालकरी घरातला पोरगा आपले मासे मित्राच्या काडीत ओवून देई, हात मातीने घासून घेई, आणि घरी गेल्यावर न विचारताच सांगे की नुसते पाहत बसलो होतो.

हे दिवस साधे होते ते हौशींसाठी. ढीवर आणि भोई यांच्यासाठी पाणी हे शेत होते, आणि तिथे साधेपणा कोणाला परवडतो? शिवाय ज्या माशांची आठवण निघते ते सगळे इथले नव्हेत. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेच्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यातले. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन साधले, तेव्हापासून मत्स्यबीज हमखास मिळू लागले आणि तलावांत सोडले जाऊ लागले. तिलापिया त्याआधीच, १९५२ मध्ये, भारतात आला आणि न सोडलेल्या पाण्यांतही पसरला. पाटबंधाऱ्यांच्या तलावांतले मासे आता ठेक्याचे असतात; बीज सोडणारी सहकारी संस्था गरीवाल्याला हटकते, आणि हिशेबाने तिचे चूक नाही. काठी फायबरची झाली, तिला चक्री आली.

धांडा मात्र तलावामुळे गेला नाही, तो शेतातून गेला. सोयाबीन आले, ज्वारी हटली, आणि ज्या गावात प्रत्येक गोठ्यामागे कडब्याची गंजी असे तिथे दोन पेरांचा तुकडा मिळेना. त्याच्या जागी थर्माकोल आला, पुढे रंगीत प्लॅस्टिक. ते पाणी पीत नाही, दिवसभर सारखेच तरंगते, आणि कामाला निश्चितच सरस आहे. त्याला गरी ठेवायची कळत नाही, एवढेच. घरी परतताना दोरा काठीभोवती गुंडाळायचा, आकड्याचे टोक धांड्याच्या मऊ गाभ्यात खुपसायचे आणि काठी वळचणीला आडवी सारायची. मग गरी कोणाच्या पायात जात नाही, आणि पुढच्या खेपेला अंधारातही हाताला लागते.