टाकळघाटचा नाला

अकोल्याची आत्या गेल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा डांबरगोळ्यांच्या उग्र वासातून आजोबांचे इंग्रजी बायबल हाती आले, आणि त्यावरचा नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचा शिक्का पाहताच मला पुराच्या गढूळ पाण्याचा वास आला.

गावाकडच्या वाटेतला नाला भरला, की आजोबा दमणी काठावरच सोडायला लावीत; 'पाणी गुडघाभरच आहे' असे गडी कितीही सांगो, ते म्हणत, "उतरू दे. हिस्लॉपसाहेब असाच गेला." तहसील कचेरीत उभी हयात घालविलेल्या त्या करड्या माणसाचा स्वर त्या नावापाशी मऊ होई.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाद्री. नागपुरावर भोसल्यांचा अंमल असतानाच तो १८४५ मध्ये आला. त्याने शाळा काढली, जीवाश्म वेचले, गोंडांच्या कथा टिपून घेतल्या, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात बुडून मेला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये त्याच्या नावाचे कॉलेज निघाले. परीक्षा प्रथम कलकत्ता विद्यापीठाच्या, मग अलाहाबादच्या. आणि वऱ्हाडातली पोरे अकोल्याहून, बडनेऱ्याहून आगगाडीने तिकडे जात. आजोबा त्यांतलेच. परधर्मीय गुरूंनी दिलेली विद्या ते अखेरपर्यंत कृतज्ञतेने बाळगून होते.

म्हणूनच माझा रोष शमत नाही. आत्या मॅट्रिक झाली, तेव्हा पाद्र्यांचे कॉलेज आणि परका गाव ही सबब पुढे करून तिचे शिक्षण थांबविण्यात आले. वास्तविक १९२३ पासून खुद्द अमरावतीत सरकारी किंग एडवर्ड कॉलेज चालू होते, जेथे ना पाद्री होता, ना नागपूरचे अंतर. आजोबांवर माझी निस्सीम माया आहे. तरी हा अन्याय त्यांच्याच नावे जमा आहे.

त्या बायबलाच्या समासांत सर्वत्र आत्याचे पेन्सिलीचे अक्षर आहे. रूथच्या कथेपाशी तिने विचारले आहे, की नवरा मेल्यावर ही सून सासूच्या मागे परमुलखात का निघाली. आणि खाली, बारीक अक्षरांत, स्वतःच उत्तर लिहिले आहे: माहेरी परतून तिला पुन्हा कोणाच्या तरी मर्जीवर राहावे लागले असते, येथे निदान वाट तिने स्वतः निवडली. हे उत्तर वाचून तिच्याशी वाद घालणारा एखादा प्राध्यापक तिला मिळायला हवा होता.