काशी आधी की काळ?

१८५८ साली झाशीचा पाडाव विष्णुभट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्यांच्या ‘माझा प्रवास’ची शब्दसूची झाशीतच बसून करावी, असे इथल्या मुक्कामात मनाने घेतले.

शब्द अकारविल्हे लावण्यासाठी सी भाषेत साधी आज्ञावली लिहिली : शेजारचे दोन शब्द ताडून पाहावेत, क्रम चुकला असल्यास अदलाबदल करावी. परंतु यादी लागून गेल्यावरही ती फेऱ्या घालीतच राही. एखाद्या फेरीत अदलाबदल झाली नाही तर थांबावे, शेवटी स्थिरावलेले शब्द पुन्हा तपासू नयेत, या दोन सुधारणांनी ती शहाणी झाली असे वाटले, आणि सूची मी एका स्नेह्यांस दाखवूनही बसलो.

त्यांनी बोट ठेवले : ‘काशी’च्या आधी ‘काळ’! युनिकोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. दोष अदलाबदलीत नव्हता, तुलनेत होता. मग मराठी वर्णक्रमाचे स्वतंत्र कोष्टक करून तुलना त्यावर सोपविली.

जन्मभर तौलनिक साहित्य शिकविणाऱ्याला हे दुसऱ्याने दाखवावे लागले. दोन वाङ्मये शेजारी मांडताना कोणाची वर्णमाला आपण गृहीत धरतो, हे मी तरी क्वचितच तपासले होते.